मोटार घ्यावी ती कोणती ?

मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आयुष्यांत राहतें घर व मुलांचें शिक्षण हे दोन खर्च सोडले, तर एका वेळीं सर्वांत मोठी रक्कम जिच्यावर पडते अशी वस्तु म्हणजे मोटार होय. ती घेण्याचें ठरलें कीं घरांत दोन-चार महिने दुसरा विषय निघत नाहीं. शेजारी, आप्त, कचेरींतील स्नेही, ओळखीचा गॅरेजवाला, सर्वांचीं मतें गोळा होतात. या चर्चेंत दोन शब्द वारंवार ऐकूं येतात. गाडी 'विश्वासाची' असावी आणि ती 'परवडणारी' असावी. या दोन शब्दांचा अर्थ सर्वांस ठाऊकच आहे असें धरून चर्चा पुढें जाते व शेवटीं 'लिटरला किती देते ?' या प्रश्नावर येऊन थांबते. आमच्या मतें त्या शब्दांचा अर्थ दिसतो तितका उघड नाहीं; आणि तो नीट लावला तर गाडी निवडण्याचा प्रश्न हिशेबाइतकाच नीतीचाही ठरतो, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

आरंभींच कोणी म्हणेल कीं, यांत नीति कोठून आली ? पैसा ज्याचा त्याचा, गरज ज्याची त्याची. बाजारांत वस्तु पाहावी, भाव पाहावा व घ्यावी. जोडा घेतांना आपण नीतिशास्त्र काढून बसत नाहीं, मग मोटार घेतांनाच तें कशाला ? आक्षेप वरवर ठीक दिसतो. परंतु जोडा आणि मोटार यांत एक महत्त्वाचा भेद आहे. जोडा चावला तर तो घेणाराच्याच पायाला चावतो. मोटारीची गोष्ट तशी नाहीं. तिची निवड घरांतील एक-दोन माणसें करतात, तिचे हप्ते साऱ्या घराच्या गरजांतून कापले जातात, आणि तिच्या बऱ्यावाईटपणाचें फळ ज्यांस भोगावें लागतें त्यांपैकीं कित्येकांस निवडीच्या वेळीं तोंडच नसतें. मागल्या आसनावर झोपीं गेलेलें चार वर्षांचें मूल मोटारीची परीक्षा करूं शकत नाहीं. आजी 'तुम्ही घ्याल ती चांगलीच असेल' असें म्हणून मोकळी होते. रस्त्यानें जाणारा पादचारी तर आपल्या घरच्या मसलतीला कधींच येत नाहीं. जेथें एकानें निवडावयाचें व दुसऱ्यानें विसंबावयाचें, तेथें नीतीचा प्रश्न आपोआप उत्पन्न होतो.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना नाहीं. स्वातंत्र्यानंतरचीं पहिलीं तीन-साडेतीन दशकें निवडीला वावच नव्हता. उत्तरपाड्याच्या कारखान्यांतील अँबॅसडर, आणि वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, याच काय त्या मुख्य गाड्या. त्याही नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावर मिळावयाच्या. त्या गाड्या बिघडत नसत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यांचे बिघाड सर्वांच्या परिचयाचे असत, ते दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याच्या गांवींही भेटे, आणि मालक स्वतः बॉनेट उघडून रेडिएटरांत पाणी घालण्याइतकी तरी गाडीची ओळख ठेवी. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुति ८०० ग्राहकाच्या हातीं पडली व हें चित्र पालटूं लागलें. अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. आज शोरूममध्यें डझनावारी नमुने उभे आहेत. निवड वाढली, पण गाडीची ओळख मात्र कमी झाली. बॉनेट न उघडतांही गाडी वर्षानुवर्षें चालते, आणि म्हणून विश्वासाची गाडी म्हणजे जिच्याकडे पाहावेंच लागत नाहीं ती गाडी, असा एक नवा अर्थ रूढ होऊं पाहत आहे. आमचा पहिला मतभेद या अर्थाशीं आहे.

विश्वास हा शब्द मुळांत माणसांविषयींचा आहे. फसविणें शक्य असूनही जो फसवीत नाहीं त्यास आपण विश्वासू म्हणतों. यंत्राला इच्छा नाहीं, म्हणून त्याच्या ठिकाणीं निष्ठाही नाहीं आणि दगाही नाहीं. 'गाडीनें ऐन वेळीं दगा दिला' असें आपण म्हणतों तेव्हां त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो कीं, तिच्या कोणत्या तरी भागाची मुदत संपली होती व ती संपल्याचें कोणी पाहिलें नव्हतें. ब्रेकच्या तेलाचेंच उदाहरण घ्या. हें तेल हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतें, व ओलावा वाढला कीं तें कमी उष्णतेवर उकळूं लागतें. सपाट रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाहीं. परंतु लांबलचक घाट उतरतांना ब्रेक तापतात, तेल उकळून त्यांत बुडबुडे होतात, आणि पायाखालचें पेडल एकाएकीं पोकळ लागतें. म्हणून साधारण दोन वर्षांनीं तें तेल बदलावें असा नियम आहे. टायरांचें रबरही तसेंच. गाडी फार चालली नाहीं तरी तें वयानें कठीण होतें व त्यास चिरा पडतात. येथें गाडीनें कोणास फसविलें ? फसवणूक झालीच असेल तर ती मागें बसलेल्या माणसांची, आणि ती करणारा गाडीचा मालक.

याचा अर्थ सर्व गाड्या सारख्याच, असा नव्हे. कांहीं नमुने मुळांतच कमी बिघडतात, कांहींचे सुटे भाग गांवोगांवीं मिळतात, कांहींना वर्कशॉपांत आठवडेच्या आठवडे अडकून पडावें लागतें. ही परीक्षा अवश्य करावी. आणि ती करण्याचें उत्तम साधन जाहिरात नसून पांच-सहा वर्षें तीच गाडी वापरणारा मालक व ती दुरुस्त करणारा मिस्त्री हे होत. बाजारांत नुकताच आलेला नमुना एक-दोन वर्षें दुसऱ्यांच्या हातीं चालूं द्यावा व मग आपण घ्यावा, हा जुना सल्लाही खोटा नाहीं. पण इतकें करूनही जें पदरांत पडतें तें विश्वासूपणाचें बीं असतें, पीक नव्हे. आपल्याकडील शेतकरी बाजारांत बैल घेतो तेव्हां त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, त्याला चालवून पाहतो. परंतु त्याच्याही आधीं तो एक गोष्ट पाहून आलेला असतो; ती म्हणजे आपल्या घरची वैरण. घरांत वैरण नसतां खिलारी जोडी दावणीला बांधणाराला गांव हंसतें. बैल कितीही जातिवंत असला तरी उपाशीपोटीं तो चढावर बसणारच, आणि तो बसला म्हणजे 'बैलानें दगा दिला' असें कोणी म्हणत नाहीं.

मोटारीची वैरण म्हणजे वेळच्या वेळीं सर्व्हिसिंग, इंजिन-ऑइल, टायर, बॅटरी, ब्रेक, विमा व आकस्मिक दुरुस्ती. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे दुसऱ्या शब्दाचा, 'परवडणारी' याचा, अर्थ लागूं लागतो. परवडणें म्हणजे विकत घेतां येणें असा अर्थ आज रूढ झाला आहे. आणि विकत घेतां येणें म्हणजे हप्ता भरतां येणें. समजा, एकानें गाडीसाठीं ८ लाखांचें कर्ज दरसाल दर शेंकडा ९ व्याजानें काढलें. तें ५ वर्षांत फेडावयाचें तर दरमहा सुमारें १६,६०० रुपये पडतात व एकंदर व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास जातें. तेंच ७ वर्षांत फेडावयाचें ठरविलें तर हप्ता १२,९०० च्या आंत येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर पोंचतें. दरमहा ३,७०० रुपयांचा भार हलका झाला असें वाटून पुष्कळजण या हलकेपणाच्या जोरावर एक पायरी वरची गाडी घेतात. आतां पुढचा प्रकार पाहा. गाडीला वैरण खरी लागते ती चौथ्या-पांचव्या वर्षानंतर. टायर तेव्हां बदलावे लागतात, बॅटरी तेव्हांच जाते, चाकांवरचे खटके-दणके खाऊन झिजलेले भाग तेव्हांच आवाज करूं लागतात. लहान गाडीचे चार टायर एकदम बदलणें म्हणजेच वीस हजारांच्या घरांतील खर्च. आणि नेमका त्याच काळांत सात वर्षांचा हप्ता अद्याप चालू असतो. मग टायर 'अजून एक पावसाळा' चालविले जातात. कर्जाचा हप्ता चुकला तर बँकेचें पत्र येतें. टायरांचा चुकला तर कोणाचेंही पत्र येत नाहीं. म्हणून मारला जातो तो टायरांचाच.

आमच्या मतें, म्हणून, 'विश्वासाची' आणि 'परवडणारी' हे दोन निराळे गुण नाहींत. जी गाडी विकत घेतां येते पण नीट सांभाळतां येत नाहीं ती परवडणारी नव्हे. आणि जी परवडत नाहीं ती, तिच्या कारखान्याचें नांव कितीही मोठें असो, चार-पांच वर्षांनीं विश्वासाची राहत नाहीं. गाडी घेण्याची आपली ऐपत मोजतांना हप्त्याची रक्कम न मोजतां हप्ता व वैरण मिळून जी रक्कम होते ती मोजावी. असें मोजलें म्हणजे आपल्या ऐपतीची गाडी शोरूममध्यें दाखविली जाते तिच्याहून बहुधा एक पायरी खालची निघते.

पण एक पायरी खालीं उतरावयाचें म्हणजे काय सोडावयाचें ? येथें प्रश्नाचें खरें मर्म आहे. गाडीच्या किंमतींत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. कांहीं डोळ्यांस रोज दिसतात : रंग, मोठा पडदा, उघडणारें छत, चकचकीत चाकें. कांहीं कधींच दिसत नाहींत, आणि दिसल्या तर एकदांच दिसतात : सांगाड्याचा मजबूतपणा, एअरबॅगा, मुलाचें आसन पक्कें बसविण्याच्या कड्या. काटकसर करण्याची वेळ आली कीं जें दिसत नाहीं त्यावर कात्री चालते, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि विकणारा व विकत घेणारा या दोघांचाही स्वभाव तोच असल्यामुळें सौदा लौकर जमतो.

या सौद्याचा पुरावा जाहीर आहे. जानेवारी २०१४ मध्यें ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पांचही गाड्यांस प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाबाबत शून्य तारे मिळाले. तिघींचा सांगाडाच असा दुबळा ठरला कीं, नुसत्या एअरबॅगा लावून भागलें नसतें. उरलेल्या दोहोंचा सांगाडा टिकला. त्यांतील फोक्सवॅगन पोलो, जी पुण्याजवळ चाकण येथें तयार होई, ती दोन एअरबॅगांसह आदळविली तेव्हां तिला चार तारे मिळाले. पुढें कंपनीनें बिनएअरबॅगची पोलो विकणें बंद केलें. डिसेंबर २०१८ मध्यें टाटांच्या नेक्सॉनला पांच तारे मिळाले; भारतांत तयार होऊन येथेंच विकल्या जाणाऱ्या गाडीस या चाचणींत हा मान प्रथमच मिळत होता. म्हणजे मध्यम किंमतींत सुरक्षित गाडी करणें अशक्य नव्हतें. ती मागणारा कोणी नव्हता. नंतर कायदाही पुढें आला. १ जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅग सक्तीची झाली. त्याच्या शेजारच्या प्रवाशासाठीं ती १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्यांस व त्या वर्षाच्या अखेरीपासून सर्वच गाड्यांस लागू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची स्वतःची परीक्षापद्धति सुरू झाली. तींत प्रौढांच्या व मुलांच्या संरक्षणाचे तारे निरनिराळे दिलेले असतात. तरीही गाडी पाहावयास गेलेल्या घरांतून मुलांचे तारे किती, हें विचारणारे थोडेच.

मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईचें चित्र आपल्याला वात्सल्याचें व निर्धास्तपणाचें वाटतें. पण ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळून एकाएकीं थांबली, तर दहा किलो वजनाच्या मुलाचा भार त्या क्षणापुरता सुमारें तीनशें किलोंइतका होतो. तो भार पेलणारे हात कोणत्याही आईला नसतात. येथें प्रेम अपुरें पडतें, असें म्हणणें कठोर वाटेल. पण तें खरें आहे, आणि म्हणूनच मुलाचें आसन व पट्टा यांची गरज आहे. २०१९ सालीं दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यानें १४ वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा मुलाच्या आसनांत सुरक्षित बसविणें बंधनकारक केलें आहे. मोठ्यांची गोष्टही निराळी नाहीं. उद्योगपति सायरस मिस्त्री यांचें ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत मोटार-अपघातांत निधन झालें. ते मागील आसनावर होते. मागील दोघांनीं पट्टा बांधला नव्हता असें पोलिसांनीं सांगितलें. ते दोघेही गेले, पुढील दोघे वांचले. गाडी तर अत्यंत महागड्या वर्गांतील होती. सारांश, पैशानें सुरक्षितता घरांत आणतां येते, पण ती रोज पाळावी लागते ती माणसांनींच; आणि तीन ठिकाणीं अडकणारा तो साधा पट्टा तर आज स्वस्तांतल्या स्वस्त गाडींतही असतो. १९५९ सालीं तो प्रथम गाड्यांत बसविणाऱ्या व्होल्व्हो कंपनीनें त्याचें पेटंट इतर कारखानदारांस मोकळें ठेवलें, ही गोष्ट या सर्व इतिहासांत आम्हांस विशेष आदरणीय वाटते. जी वस्तु परक्याचा जीव वांचविते तिच्यावर आपली मालकी किती सांगावी, याचें तें एक उत्तर होतें.

येथवर आलें असतां एक गंभीर आक्षेप पुढें येतो, व तो टाळून चालणार नाहीं. कोणी म्हणेल, 'तुमचे तारे व एअरबॅगा ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांच्यासाठीं. ज्या बापाला आज बायको व दोन मुलें स्कूटरवर बसवून पावसांतून न्यावीं लागतात, त्याला शून्य ताऱ्यांची जुनी गाडीदेखील स्कूटरहून बरी नव्हे काय ? सुरक्षिततेसाठीं किंमत वाढवीत गेलांत तर तुम्ही त्याला पुन्हां त्या स्कूटरवरच बसवाल.' या आक्षेपांत तथ्य आहे. रतन टाटा यांनीं हेंच दृश्य पाहून नॅनोची कल्पना केली असें ते स्वतः सांगत. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लींत ती दाखविली गेली, २००९ सालीं विक्रीस आली, आणि तिची मूळ किंमत एक लाख ठेवण्यासाठीं जें जें काढतां येईल तें तें काढलें गेलें. वर सांगितलेल्या २०१४ च्या पांच गाड्यांत तीही होती. तिला दोष देणें सोपें आहे. पण तिच्यामागचा हेतु दयाळू होता हें विसरतां येत नाहीं.

आमचें उत्तर असें आहे. स्कूटरवरून गाडींत येणाऱ्या कुटुंबाला आम्ही कांहींच दूषण देत नाहीं. तें कुटुंब आपल्या मुलांस एका मोठ्या धोक्यांतून लहान धोक्यांत आणीत आहे, व त्यास जुनी, साधी, पण नीट राखलेली गाडी मिळाली तर तें उत्तमच. कर्तव्य हें शक्तीच्या मानानेंच मोजावयाचें असतें. दूषण लागतें तें ज्याच्याजवळ दीड-दोन लाखांची निवड खुली असून जो ती रक्कम उघडणाऱ्या छतावर घालतो व मागल्या आसनाचा विचार सोडून देतो, त्याला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला. त्यानंतर गाडी घेणारानें वांचलेला पैसा कोणीकडे वळविला, हें आपल्या मनाशीं एकदां पाहावें. नॅनोच्या कथेंत आणखी एक बोध आहे. 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्काच तिला भोंवला, हें रतन टाटांनींही पुढें मान्य केलें. ज्या वर्गासाठीं ती होती त्यालाही ती दारांत उभी करण्याचा संकोच वाटला. म्हणजे गरज भागविण्याच्या प्रश्नांतही चार लोकांची नजर येऊन बसली होती. ही नजर आपल्या घरच्या मसलतींतील न बोलावलेला पाहुणा आहे. तो हप्ता भरीत नाहीं, टायर बदलीत नाहीं, पण मत मात्र सर्वांत मोठ्यानें देतो.

आतां मसलतीबाहेरच्या त्या तिसऱ्या माणसाकडे वळूं. मोटारीचा विमा उतरतांना आपल्या गाडीचा विमा उतरणें ऐच्छिक आहे, पण तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून तर नव्या मोटारीला तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. कायद्याची ही योजना विचार करण्यासारखी आहे. तुमचें नुकसान तुम्ही सोसावयाचें कीं नाहीं तें तुमचें तुम्ही ठरवा, पण ज्यानें तुमच्या गाडीपासून कांहीं मिळविलें नाहीं व जो तिच्यामुळें जायबंदी होऊं शकतो त्याचा हक्क मात्र आधीं बाजूला काढून ठेवा, असें कायदा सांगतो. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांत दुचाकीवरचीं शेंकडा ४४ हून अधिक व पायीं चालणारीं शेंकडा १९ हून अधिक होतीं. म्हणजे रस्त्यावर मरणारा बहुतेक वेळां मोटारींत बसलेला नसतो. कौटुंबिक मोटार निवडतांना जितकी मोठी तितकी आपल्या माणसांस सुरक्षित, एवढाच विचार करणारानें ध्यानांत ठेवावें कीं, उंच व जड गाडीचा तोच मोठेपणा समोरच्या पादचाऱ्याला भारी पडतो, व उंच बॉनेटमागून अंगणांतलें लहान मूल दिसतही नाहीं. आपल्या कुटुंबाचें रक्षण करणें हें कर्तव्य खरें. पण ज्याला मोटार परवडत नाहीं त्याच्या जिवावर तें करणें हें कर्तव्य नव्हे. गल्लीबोळांतून रोज दहा किलोमीटर जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबास लहान, मजबूत, चांगल्या ब्रेकांची गाडीच योग्य, असें आम्हांस वाटतें.

मग मोटार घ्यावी ती कोणती ? नांव सांगणें हें आमचें काम नव्हे, आणि सांगितलें तरी दोन वर्षांत तें शिळें होईल. प्रश्न विचारण्याचा क्रम मात्र सांगतां येतो. पहिला प्रश्न हा कीं, गाडी हवीच काय ? घराजवळ लोकल किंवा बस आहे, वर्षांतून दोनदां गांवीं जावयाचें आहे, बाकी दिवस गाडी आवारांत धूळ खाणार आहे, असें असेल तर तेवढ्या दिवसांपुरती भाड्याची गाडी हीच परवडणारी. हवीच असेल तर दुसरा प्रश्न : तींत रोज कोण बसणार व कोठें जाणार ? मग सुरक्षिततेचे तारे पाहावे, आणि मुलांचे निराळे पाहावे. त्यानंतर आपल्या गांवांत ती दुरुस्त कोण करील व सुटे भाग किती दिवसांत मिळतील हें विचारावें. मग वर्षभराची वैरण बाजूला काढून उरलेल्या रकमेंत ती बसते कीं नाहीं तें पाहावें. नवी बसत नसेल तर चार-पांच वर्षें वापरलेली, सर्व्हिसिंगची सर्व नोंद असलेली जुनी गाडी घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र तिच्या विम्याचा पूर्वेतिहास पाहावा, थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करवावें, व आपला मिस्त्री बरोबर न्यावा. रंग, पडदा आणि 'किती देते' हे प्रश्न सर्वांत शेवटीं. शेवटचा प्रश्न तर हिशेबानेंही लहानच आहे. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १८ ऐवजीं २२ किलोमीटर देऊं लागली, तर लिटरमागें शंभर रुपये धरूनही वर्षाचे वांचतात सुमारें सहा हजार, म्हणजे महिन्याचे पांचशें. या पांचशें रुपयांचा जितका खल होतो त्याच्या निम्मा खल मुलांच्या ताऱ्यांचा झाला, तर कारखानदारही तो ऐकतील. कारण ते आपल्या प्रश्नांकडे बारकाईनें कान देऊन असतात.

आपल्याकडे नवी गाडी पाडव्याला किंवा दसऱ्याला घरीं येते. तिला हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखालीं लिंबू ठेवतात. या रीतीला हंसण्याचें कारण नाहीं. ज्या वस्तूच्या हातीं आपण आपलीं माणसें देतों तिच्यापुढें क्षणभर नम्र होणें हें योग्यच आहे. आमची सूचना इतकीच कीं, पुढल्या प्रत्येक दसऱ्याला हार घालण्यापूर्वीं टायरांची नक्षी किती उरली, ब्रेकचें तेल केव्हां बदललें, मागले पट्टे आसनाखालीं दडपलेले आहेत कीं वर काढलेले आहेत, एवढें घरांतल्या मुलांस बरोबर घेऊन पाहावें. पोळ्याच्या दिवशीं शेतकरी बैलाला आधीं न्हाऊ घालतो, त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो, आणि मग त्याची पूजा करतो. वर्षभर ज्यानें वैरण तोडली तो त्या दिवशीं पूजा करूं धजत नाहीं.